पाठीवरचा डोळा

आमच्या क्योतोत दर महिन्याच्या २५ तारखेला कितानो तेन्मानगू देवळाच्या बाहेर जुन्या सामानाचा बाजार भरतो. देऊळ सुगावारा नो मिचिझानेचं, विद्येचा देव मानतात त्याला, त्याचा जन्म पण २५चा आणि मृत्यू पण २५चा म्हणून बाजारही २५लाच. किटल्या, लाकडी बाहुल्या, कान तुटलेल्या कपबश्या, बंद पडलेली घड्याळं आणि किमोनो, म्हणजे अक्षरशः किमोनोंचे ढीग, ताडपत्रीवर ओतून ठेवलेले, आणि भोवती बायका उकिडव्या बसून उपसाउपशी करत असतात. या फेब्रुवारीत मी पण तशीच बसले होते. ढिगाच्या तळाशी काहीतरी मऊ हाताला लागलं, ओढून काढलं तर तान्ह्या बाळाचा लाल रेशमी किमोनो. त्यावर पांढऱ्या रेषांच्या सहा टोकांच्या चांदण्या, एकीला एक लागून. ही नक्षी मला माहिती होती, आसानोहा, म्हणजे अंबाडीसारख्या त्या हेंप झाडाचं पान. ते झाड भराभर आणि सरळसोट वाढतं, तसंच मूल वाढावं म्हणून बाळाच्या कपड्यांवर हमखास असतं.

पण उलटा करून पाठ बघितली तर मानेखाली मधोमध जाड रंगीत दोऱ्याचे टाके. बोट फिरवून बघितलं, खाली शिवणच नाही. कापड अखंड आहे, फाटलेलं नाही, ठिगळ नाही, मग टाके कशाला घातलेत कळेना, आणि दोऱ्याची टोकं पण कापायची राहून गेल्यासारखी लोंबत होती. विकणाऱ्या आजोबांना विचारलं तर ते तिसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी पैसे दिले आणि घेऊन आले.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. आयुष्यभर घरी बसून लोकांचे किमोनो शिवले त्यांनी, आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण सुईत दोरा अजून एका दमात ओवतात. त्यांना दाखवायला गेले तर आधी पाठच बघितली त्यांनी.

“टोकं कापली नाहीस ना?”

“नाही. का हो?”

“बरं केलंस. हा सेमामोरी आहे.”

से म्हणजे पाठ आणि मामोरी म्हणजे राखण. आजींनी सांगितलं ते असं, की मोठ्या माणसाच्या किमोनोला पाठीत मधोमध वरपासून खालपर्यंत शिवण असते, कारण कापडाचा पन्हा बेताचा, दोन पट्ट्या जोडल्याशिवाय पाठ झाकली जात नाही. तान्ह्या बाळाची पाठ मात्र एका पट्टीतच मावते, म्हणून त्याच्या किमोनोला शिवण नसते. आता शिवणीला जपानीत म्हणतात नुइमे, आणि त्यातला ‘मे’ म्हणजे डोळा. म्हणजे मोठ्यांच्या पाठीवर शिवणीचा डोळा आहे, तो मागून येणाऱ्या वाईट गोष्टींवर नजर ठेवतो, आणि बाळाच्या पाठीला डोळाच नाही. मग बाधा मागून शिरणार. म्हणून आई, आजी कोणीतरी बसून मुद्दाम टाके घालते आणि बाळाला पाठीवर एक डोळा करून देते. आणि ती टोकं का लोंबती ठेवायची, तर मूल उद्या रांगत रांगत चुलखंडात किंवा विहिरीत पडायला लागलं तर देवाला धरून वर ओढायला काहीतरी हाताशी पाहिजे ना!

हे ऐकल्यावर मी कितीतरी वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसले. चार बोटं लांब पण नाहीये तो.

तेव्हापासून मला किमोनो बघायची सवयच वेगळी लागली. आधी मी समोरून बघायचे, रंग काय, फुलं कुठली, कमरेचा पट्टा मॅचिंग आहे का. आता मी मागून बघते. आणि जितकं बघतेय तितकं वाटतंय की या पोशाखातलं महत्त्वाचं जे काय आहे ते बरंचसं पाठीवर, मानेवर, डोक्यावर, थोडक्यात जिथे घालणारीची स्वतःची नजर पोचत नाही तिथे ठेवलेलं आहे. ते दुसऱ्याने बघायचं, दुसऱ्याने नीट करायचं. या पोस्टमध्ये मला तेच लिहायचंय, जमेल तसं.

आधी कापड. किमोनोचं कापड तागा म्हणून मिळतं, तानमोनो म्हणतात, पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर आणि लांबी १२ मीटरच्या आसपास. त्यातून सगळे सरळ काप. गळ्याला गोलाई नाही, बगलेला वाक नाही, काही नाही. अंगाच्या दोन पट्ट्या, दोन बाह्या, पुढे एकमेकांवर येणाऱ्या दोन अरुंद पट्ट्या, एक कॉलर आणि कॉलरवरची कॉलर, झाले आठ तुकडे. आजींनी एकदा माझ्यासमोर एक जुना किमोनो उसवला. उसवायला पण वेगळी पद्धत आहे, टाका कापायचा आणि दोरा हलक्या हाताने ओढत न्यायचा, कापडाला झटका बसता कामा नये. तासाभरात किमोनो संपला आणि तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, आठ सरळ पट्ट्या उरल्या, मग त्यांनी त्या टोकाला टोक लावून मांडल्या आणि बघते तर परत अख्खा तागा तयार, या भिंतीपासून दारातून बाहेर पॅसेजमध्ये गेलेला! कापड वाया गेलंच नव्हतं. पूर्वी असंच उसवून, पट्ट्या जोडून, धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवायचे, त्याला आराइ-हारी म्हणतात. आईचा लेकीला, मग विरला की बाळाला, मग दुपटं, मग लंगोट, आणि शेवटी फरशी पुसायचं फडकं. किमोनो घडी घालून वर्षानुवर्षं ठेवता येतो तो पण या सरळ कापांमुळेच.

घालताना नियम एकच पण पक्का, डावी बाजू उजवीच्या वर. उलटं फक्त मृताला नेसवतात. हा नियम इतका जुना आहे की सम्राज्ञी गेन्शोच्या काळात, ७१९ साली, सगळ्या लोकांनी याच बाजूने पदर घ्यावा म्हणून फर्मानच निघालेलं. मी पहिल्या वर्षी गिओनच्या उत्सवात युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, उलटा घालून बाहेर पडले होते, कोणी सांगितलंच नव्हतं मला. रस्त्यात एक अनोळखी बाई आल्या, काही न बोलता हाताला धरून एका दुकानाच्या आडोशाला नेलं, पट्टा सोडला, बाजू बदलल्या, परत बांधला, पाठीवर गाठ नीट केली, पाठीवर एक थाप मारली आणि गेल्या. मला नंतर कळलं त्यांनी काय केलं ते. (आणि हो, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढलात तर तो बऱ्याचदा आरशासारखा उलटा सेव्ह होतो आणि बरोबर घातलेला किमोनो पण फोटोत मृताचा दिसतो, तेव्हा शेअर करायच्या आधी बघा.)

सणासुदीच्या अगदी मानाच्या किमोनोवर घराण्याची पाच चिन्हं असतात, कामोन म्हणतात. दोन छातीवर, दोन बाह्यांच्या मागे आणि एक पाठीवर मानेखाली. छातीवरची आईवडिलांची, बाह्यांवरची भावंडं नातेवाइकांची आणि पाठीवरचं पूर्वजांचं असं सांगतात. म्हणजे बाळपणी जिथे तो टाक्यांचा डोळा होता बरोब्बर तिथेच मोठेपणी पूर्वज येऊन बसतात. लग्नात नवऱ्यामुलीची आई काळा तोमेसोदे घालते ना, पाच कामोनवाला, तर ती मांडवभर फिरते तेव्हा तिच्या पाठीमागे सगळं घराणं उभं असतं.

कुमारिकांचा फुरिसोदे वेगळा, त्याच्या बाह्या जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबतात. जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सेइजिन नो हि असतो, वयात आल्याचा दिवस, त्या दिवशी स्टेशनवर नुसत्या फुरिसोदेंची गर्दी. २०२२च्या एप्रिलपासून कायद्याने सज्ञान वय वीसवरून अठरावर आणलंय तरी बऱ्याच गावांत समारंभ वीस वर्षांच्या मुलामुलींचाच करतात. लग्न झालं की लांब बाह्या गेल्या, आखूड आल्या. बाही बघून ओळखायचं.

नक्षीबद्दल लिहायला बसले तर रात्र सरेल. करकोचा हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, म्हणून ते लग्नाच्या कपड्यांवर. पाइन, बांबू आणि उमे म्हणजे तो तिकडचा प्लम, हे तिघं एकत्र, कारण पाइन आणि बांबू थंडीत हिरवे राहतात आणि उमे बर्फातच फुलतो. बाणाच्या पिसांची नक्षी असते, यागासुरी, ती एदो काळात (१६०३ ते १८६८) लेकीला सासरी जाताना देत, सुटलेला बाण परत येत नाही तशी तू माघारी येऊ नकोस. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पोटात कालवलं. आशीर्वाद म्हणूनच देत असणार, तरी पण त्या मुलीने ती नक्षी अंगावर घेऊन उंबरठा ओलांडताना काय वाटलं असेल हो? आणि कानाझावाकडच्या कागा युझेन या रंगकामात फुलापानांवर किडीने खाल्लेली भोकं पण रंगवतात. मुद्दाम! पान जसं असतं तसं, अर्धं कुरतडलेलं. मला सगळ्या नक्ष्यांमध्ये ती सर्वात जास्त आवडते.

ऋतूचं गणित कडक. १ जूनला अस्तर नसलेले किमोनो बाहेर काढायचे, जुलै-ऑगस्टमध्ये आरपार दिसणारे विरळ विणीचे, सप्टेंबरात परत बिनअस्तराचे, १ ऑक्टोबरला अस्तरवाले. फुलं मात्र ऋतूच्या थोडी आधी अंगावर आली पाहिजेत. साकुरा, म्हणजे चेरी, झाडावर पूर्ण फुलला की अंगावर नको, खऱ्या फुलांशी बरोबरी करायची नाही. आता हवामानच बदललंय, मे महिन्यात घामाने भिजायला होतं, त्यामुळे बऱ्याच जणी मेमध्येच बिनअस्तराचे घालतात आणि कोणी फारसं बोलत नाही.

१६८३ साली एदोच्या (म्हणजे आजच्या तोक्योच्या) शोगुनशाहीने, तेव्हाच्या लष्करी राजवटीने, जरीकाम, भरतकाम आणि अख्ख्या अंगभर बारीक गाठी बांधून रंगवलेलं कानोको कापड यावर बंदी घातली, कारण व्यापाऱ्यांच्या बायका सरदारांपेक्षा भारी दिसायला लागल्या होत्या. लोकांनी काय केलं, तपकिरी आणि राखाडी रंगाच्या इतक्या छटा काढल्या की अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर राखाडी अशी म्हणच पडली. आणि बाप्ये लोक किमोनोवर साधा हाओरी, म्हणजे जाकीट, घालायचे नि आतून अस्तर असं काही रंगवलेलं की काय सांगू, वाघ, ड्रॅगन, फुजी पर्वत, सगळं पाठीच्या आत. काढून ठेवल्याशिवाय कोणाला दिसणार नाही.

ओबी म्हणजे कमरेचा पट्टा, त्याची गाठ पण पाठीवर. सगळ्यात नेहमीची ती ताइको, ढोलासारखी फुगीर, मागून चौकोनी. एदोमधल्या कामेइदो तेन्जिन देवळाचा कमानी पूल ताइकोबाशी, त्याच्या उद्घाटनाला फुकागावाच्या गेइशांनी तशी गाठ मारली म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आनंदाच्या प्रसंगी ताइको दुहेरी बांधतात, आनंदावर आनंद यावा म्हणून, आणि मयताला जाताना एकेरी, दुःखावर दुःख येऊ नये म्हणून. तीच गाठ, एक घडी कमी. फुरिसोदेवर मात्र फुगलेल्या चिमणीसारखी फुकुरा-सुझुमे. थंडीत चिमणी पिसं फुलवून बसते ना तशी.

आता त्याच २५ फेब्रुवारीकडे परत येते कारण त्या दिवशी देवळात बाइकासाइ पण असतो, उमेच्या फुलांचा उत्सव. मिचिझानेला उमे फार प्रिय, ९०१ साली त्याला दूर क्यूशूतल्या दाझाइफूला हद्दपार केलं आणि दोन वर्षांनी तो तिथेच गेला, म्हणून त्याच्या देवळात सगळीकडे उमेची झाडं. या दिवशी शेजारच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको (क्योतोत गेइशांना म्हणतात) आणि माइको, म्हणजे गेइको व्हायला शिकणाऱ्या मुली, उघड्यावर बसून लोकांना चहा देतात. मी तिकीट काढून लाल कापड घातलेल्या बाकावर बसले होते, माझ्या पिशवीत तो लाल किमोनो.

चहा ठेवायला एक माइको आली, वाकली, आणि तिची मान माझ्या समोर. किमोनोची कॉलर मागे मुठीहून जास्त ओढलेली, पांढरा रंग मानेवर खालपर्यंत, आणि केसांच्या खाली मधोमध दोन टोकं बिनरंगाची सोडलेली, कातडीच्या रंगाची. एरवी दोन, फार मानाच्या दिवशी तीन. तिची ती तिला दिसत नाहीत. डाव्या बाजूला केसांत उमेची फुलं, नखाएवढ्या रेशमी पाकळ्यांची, आणि कानाजवळून हनुवटीपर्यंत फुलांची एक लड लोंबती, ती वाकली की हलायची. लड आहे म्हणजे पहिल्या वर्षाची, दुसऱ्या वर्षापासून ती जाते. पहिल्या वर्षाच्या माइकोचा फक्त खालचा ओठ रंगवतात, हिचा पण खालचाच रंगवलेला होता. चेहरा अगदीच शाळकरी.

तिच्या बाह्यांना आणि खांद्यावर चुणीसारखे टाके होते, जास्तीचं कापड आत दुमडलेलं. हे वाढत्या मुलांच्या किमोनोला असतात, मूल मोठं होईल तसे सोडत जायचे. माइको कितीही उंच असली तरी तिच्या किमोनोला ते असतातच, ती अजून लेकरू आहे म्हणून. आणि पाठीवर तिचा ओबी, दारारी, पाच मीटरहून जास्त लांब, दोन्ही टोकं घोट्यापर्यंत सोडलेली आणि टोकाला ओकियाचं, म्हणजे ती राहून शिकते त्या घराचं, चिन्ह. पूर्वी माइको होणाऱ्या मुली फार लहान असायच्या, चुकून हरवली तर चिन्ह बघून कोणीतरी घरी आणून सोडेल म्हणून ते तिथे. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले आणि माझा चहा गार झाला.

माइकोच्या केसातल्या फुलांना हाना-कान्झाशी म्हणतात आणि ती दर महिन्याला बदलतात. मार्चमध्ये मोहरीसारखी पिवळी नानोहाना, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये खाली झुकलेली जांभळी फुजी म्हणजे विस्टेरिया, जूनमध्ये विलोच्या हिरव्या पात्या, जुलैत पंखे, ऑगस्टमध्ये सुसुकी गवताचे चंदेरी तुरे, सप्टेंबरात किक्योची फुलं, ऑक्टोबरमध्ये शेवंती, नोव्हेंबरात लाल मेपल. डिसेंबरची मजा अशी की मिनामिझा थिएटरात काबुकीचा मोठा खेळ लागतो, त्यात नटांच्या नावाच्या पाट्या बाहेर टांगतात, तर कान्झाशीवर तशाच दोन इवल्याशा कोऱ्या पाट्या असतात आणि माइको रंगपटात जाऊन आवडत्या नटाकडून त्यावर नाव लिहून घेते.

आणि नवीन वर्षात काही दिवस भाताची खरी लोंबी केसात खोचतात, माइको उजवीकडे, गेइको डावीकडे. लोंबी जितकी भरते तितकी खाली झुकते, तसं वागायचं. तिच्याबरोबर एक पांढरं कबुतर असतं, अगदी छोटं, आणि त्याला डोळे नसतात. एक डोळा माइको स्वतः काढते आणि दुसरा तिला जो आवडतो त्याच्याकडून काढून घेते. परत डोळाच! आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग? एक आपला आपण काढायचा, दुसरा कोणीतरी काढून द्यायला नको?”

माइकोचे केस तिचे स्वतःचे असतात, विग नाही (विग गेइको झाल्यावर). आठवड्यातून एकदा बांधायचे आणि मोडू नयेत म्हणून उंच लाकडी उशीवर मान टेकवून झोपायचं. पहिली दोन-तीन वर्षं वारेशिनोबू, त्यात अंबाड्यात लाल कानोको कापड दिसतं, मग ओफुकू, त्यात मागे त्रिकोणी कापड. म्हणजे कोण नवी कोण जुनी हे पण मागूनच कळतं. तो दारारी ओबी बांधायला ओतोकोशी नावाचे पुरुष असतात, ताकदीचं काम आहे, एकटीने होत नाही.

कान्झाशी, म्हणजे केसात खोवायचा दागिना, जपानात फार जुनी. अगदी आधी टोकदार काडी किंवा फुलाफळांची डहाळी केसात खोवत, त्यात वाईट शक्ती लांब ठेवायचा गुण आहे असा समज. मग हेइआन काळात (७९४ ते ११८५) बायका केस मोकळे सोडायला लागल्या, अंगाहून लांब, आणि मोकळ्या केसात खोवणार कशात? कित्येक शतकांनी एदो काळात केस वर बांधायची फॅशन आली तेव्हा कान्झाशीला सुगीचे दिवस आले. एका मण्याची तामा-कान्झाशी, थंडीत पोवळ्याची आणि उन्हाळ्यात हिरव्या जेडची. पट्ट्या झुलणारी बिराबिरा, चालताना किणकिण वाजते. नवरीच्या केसातला बेक्को, हॉक्सबिल कासवाच्या पाठीच्या कवचाचा, मधासारखा पिवळा. त्या कासवाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारात बंद झाला, १९९२च्या शेवटी जपाननेही आयात थांबवली, ते योग्यच झालं, आता आजीची बेक्को नातीने जपून वापरायची. १८८५मध्ये अंबाडे अनारोग्याचे आहेत, बायकांनी सुटसुटीत पाश्चात्य पद्धतीने केस बांधावेत अशी मोहीम निघाली आणि हळूहळू रोजच्या डोक्यावरून कान्झाशी उतरली.

फणीची गोष्ट मात्र सगळ्यात निराळी. फणीला जपानीत कुशी. ‘कु’ म्हणजे कष्ट आणि ‘शि’ म्हणजे मृत्यू, म्हणून फणी कोणाला भेट देत नाहीत. पण हेच शब्द घेऊन एदोमध्ये पुरुष मागणी घालताना फणी द्यायचे, की कष्टात आणि मरेपर्यंत बरोबर राहू. ७१२ सालच्या कोजिकीत, म्हणजे जपानच्या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथात, इझानागी देव पाताळातून पळताना मागे लागलेल्या हडळीवर केसातली फणी मोडून फेकतो तर तिचे बांबूचे कोंब होतात. आणि सुसानोओ देव आठ डोक्यांच्या सापाशी लढायच्या आधी, ज्या मुलीला वाचवायचं त्या कुशिनादाहिमेला, फणी करून आपल्याच केसात खोवतो. पूर्वी राजघराण्यातली मुलगी इसेच्या देवळात सेवेला पाठवायचे तेव्हा सम्राट स्वतः तिच्या केसात फणी खोवायचा आणि सांगायचा, पुन्हा राजधानीकडे तोंड करू नकोस. विरहाची फणी म्हणतात तिला. मुलगी त्याचीच असेल तर बाप लेकीच्या केसांना हात लावतोय आणि तोंडाने हे सांगतोय.

क्योतोत यासुइ कोनपिरागू देवळात जुन्या फण्या आणि कान्झाशींसाठी एक ढिगारा-स्मारक आहे, कुशिझुका. १९६१पासून दर सप्टेंबरच्या चौथ्या सोमवारी तिथे उत्सव होतो, तुटलेल्या, झिजलेल्या फण्यांचे आभार मानून त्या तिथे ठेवायच्या. मग बायका वेगवेगळ्या काळातल्या केशरचना करून गिओनमधून चालत जातात, सगळ्या स्वतःच्या केसांच्या. मी मागच्या वर्षी गेले होते आणि मिरवणुकीच्या मागे मागेच चालत राहिले, अंबाडे बघत.

आता माझ्या लेकीबद्दल. ती नोव्हेंबरात तीन वर्षांची होईल, १५ नोव्हेंबरला शिचि-गो-सान. तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना देवळात नेतात. पूर्वी तीन वर्षांपर्यंत मुलांचं डोकं भादरत आणि या दिवसापासून केस वाढू देत, कामिओकी म्हणायचे त्याला. म्हणजे मुलीच्या केसात पहिलं फूल याच दिवशी. आजी म्हणाल्या बाळाचा किमोनो तीन वर्षांच्या मुलीला चालतो, खांद्याला आणि कमरेला टाके घालून मापात आणायचा, वरून बिनबाह्यांचं हिफू घालायचं, ओबी लागतच नाही. म्हणून तो लाल किमोनो आता तिचा.

फूल मी करतेय. त्सुमामी, म्हणजे रेशमी कापड दुमडून फुलं करायची कला, शिकायला जाते आहे दर शनिवारी. रेशमाचे छोटे चौकोन कापायचे, चिमट्याने कर्णावर दुमडायचे, परत दुमडायचे, गोल पाकळी हवी तर टोकं मागे वळवायची, टोकदार हवी तर अजून एक घडी. मग तांदळाची खळ लाकडी पाटीवर पातळ पसरून पाकळी त्यात रांगेने उभी करून ठेवायची, खळ नीट पिऊ द्यायची, आणि मग कागदी चकतीवर मांडायची. माझ्या पहिल्या पाकळ्या खळीने पिवळट डागाळल्या, दुसऱ्या खेपेला खळ कमी पडली आणि पाकळी उलगडून परत चौकोन होऊन पडली. नोव्हेंबर म्हणून शेवंती करायची आहे, आत लहान पाकळ्या, बाहेर मोठ्या, तीन फेरे. आत्तापर्यंत दोन फेरे झालेत.

काल आजींकडे किमोनोला खांद्याचे टाके घालायला बसलो होतो. सेमामोरीचा दोरा एके ठिकाणी सैल झाला होता, आजींनी मला तो काढून नवीन घालायला सांगितला. त्यांनी नाही घातला, म्हणाल्या आईने घालायचा. मी सरळ रेषेत टाके घेत खाली आले, शेवटी गाठ मारली आणि सवयीने कात्री उचलली, तर आजींनी माझा हात धरला. लेक मागे बसली होती, तिने ते लोंबतं टोक पकडलं आणि ओढायला लागली, किमोनो माझ्या मांडीवरून सरकला. मी तिचा हात सोडवायला गेले.

“ओढू दे गं,” आजी म्हणाल्या. “बघू दे तिला, घट्ट बसलाय का.”